बँडवाल्यांचे कागद

रायपूरच्या उत्तर अंगास, उरला येथील कारखान्यांना लागून, बीरगाव आहे. नावात गाव असले तरी आता तेथे नगर निगम आहे, आणि शेतांच्या जागी रोलिंग मिला व कामगारांच्या चाळी उभ्या आहेत. नोकरीच्या निमित्ताने आमचे बिऱ्हाड या बाजूस आले तेव्हा प्रथम ध्यानात आले ते येथील लग्नसराईचे वाजप. मोठ्या वरातीपुढे बहुधा धुमाल असते: ट्रकावर रचलेले कर्णे, हारीने उभे केलेले ढोल, आणि त्या सर्वांवर चढलेला ऑर्गनचा कर्कश सूर. नागपूरकडील वाचकांस याचे वर्णन सांगावयास नकोच. पण क्वचित, यजमान जुन्या वळणाचा असेल किंवा धुमालाचा खर्च त्यास झेपत नसेल तर, लाल डगल्यांचा जुना ब्रास बँडही दृष्टीस पडतो.

अशाच एका वरातीत नवरदेवाची घोडी यावयास वेळ होता, म्हणून बँडवाले रस्त्याच्या कडेस एका ओट्यावर टेकले होते. सिनेमाच्या चाली थांबल्या होत्या. त्यांच्यातील एक वृद्ध क्लॅरिनेटवाले, कोणी ऐकत नाही अशा समजुतीने, हलक्या फुंकरीने काही वाजवीत होते. चाल तीन मात्रांची होती. पहिल्या मात्रेवर किंचित झुकून पुढच्या दोहोंवर तरंगणारी. वॉल्ट्झ नावाच्या जुन्या युरोपीय नाचाची ही धाटणी आहे हे ओळखण्यास फारशी विद्वत्ता लागत नाही. आम्ही जवळ जाऊन विचारले, "चाचा, यह क्या बजा रहे हैं?" ते थोडे संकोचले. म्हणाले, "पुराने साहब लोगों के नाच का है. उस्ताद से सुना था. नाम नहीं मालूम." कोठे लिहून ठेवले आहे काय, असे विचारताच त्यांनी कपाळास बोट लावले. "कागज कहाँ, बाबूजी? सब यहाँ है." इतक्यात घोडी आली, आणि ते उठून आपल्या जागी उभे राहिले.

आम्ही पडलो कारकून. जे कागदावर नाही ते घडलेच नाही, असे मानण्याची आमच्या धंद्याची रीत आहे, आणि तिची थट्टा आपण सर्वचजण करतो. परंतु त्या सायंकाळपासून आम्हांस असे वाटू लागले आहे की, एका प्रकारच्या संगीतापुरते तरी हे अक्षरशः खरे आहे. ते संगीत म्हणजे शब्दांवाचूनचे, नाचासाठी किंवा चहाफराळाच्या वेळी वाजविण्याचे, हलक्याफुलक्या वाद्यवृंदांचे संगीत. गाण्याला शब्द तारतात. रागाला गुरुशिष्यपरंपरा तारते. नाचाच्या बाजाला मात्र कागदाशिवाय वाली नाही.

इ. स. 1890 ते 1920 हा या बाजाचा भरभराटीचा काळ. वॉल्ट्झ, पोल्का, टू-स्टेप हे नाच, पलटणीच्या कवायतीतून आलेली मार्च, आणि या सर्वांवर अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांनी चढविलेला रॅगटाइमचा साज, अशी त्याची घडण होती. रॅगटाइममध्ये पियानोवर डावा हात घड्याळासारखा नेमका ठेका धरतो, आणि उजवा हात त्या ठेक्याच्या मधल्या पोकळीत आघात टाकीत जातो. आपल्याकडील चांगला तबलजी सम चुकविल्यासारखे दाखवून बरोबर समेवर येतो, तेव्हा श्रोत्याच्या मानेस जो झटका बसतो, तोच येथे पावलास बसतो. स्कॉट जॉप्लिन हा या पद्धतीचा सर्वांत मोठा रचनाकार. त्याचा 'मेपल लीफ रॅग' 1899 साली मिझूरी प्रांतातील एका लहान शहरात जॉन स्टार्क या प्रकाशकाने छापला, आणि तो अमेरिकेत घरोघर वाजू लागला.

येथे छापण्याच्या व्यवस्थेविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे, कारण पुढील सर्व कथा तीवर अवलंबून आहे. त्या काळी हॉटेले, मूकपटांची थिएटरे, बागांतील बँडस्टँड, जहाजे, सर्वत्र वादकांचे लहानमोठे ताफे असत. कोठे चार माणसे, कोठे चौदा. प्रकाशक एकेका चालीचा संच छापून विकीत. संचात व्हायोलिनचे पान वेगळे, कॉर्नेटचे वेगळे, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन, ड्रम, सर्वांचे वेगळे. एखाद्या ताफ्यात एखादे वाद्य नसेल तर काम अडू नये म्हणून त्या वाद्याचा महत्त्वाचा भाग दुसऱ्या वाद्याच्या पानावर बारीक अक्षरांत छापलेला असे. मालक नसला की त्याचे काम शेजाऱ्याने ओढावयाचे. स्वतंत्र निर्देशकही लागत नसे. पहिल्या व्हायोलिनच्या किंवा पियानोच्या पानावर सर्वांचा सारांश असे, आणि तो वाजविणाराच मानेने खूण करी. न्यूयॉर्कच्या हॉटेलात जी चाल वाजली तीच काही महिन्यांत जगाच्या दुसऱ्या टोकास, कोणी न शिकवता, केवळ कागदावरून वाजू शके. आमच्या मते ही व्यवस्था त्या संगीताइतकीच कौतुकाची आहे.

पहिल्या महायुद्धानंतर जॅझ आला, रेडिओ आला, 1927 नंतर बोलपट आले. मूकपटांपुढे वाजविणारे ताफे एका फटक्यात घरी बसले आणि त्यांचे कागद कपाटांत गेले. जॉप्लिन 1917 सालीच वारला होता. त्यानंतर सुमारे अर्धे शतक हे संगीत बव्हंशी विस्मृतीत होते. 1950 साली रूडी ब्लेश आणि हॅरिएट जॅनिस यांनी त्याचा पहिला मोठा इतिहास लिहिला. 1970 मध्ये जोशुआ रिफ्किनने जॉप्लिनच्या रचनांची ध्वनिमुद्रिका काढली. 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने त्याच्या समग्र रचना छापल्या. पण वाद्यवृंदाचा मूळ नाद पुन्हा ऐकू आला तो एका जुन्या संचामुळे. स्टार्कने काढलेल्या पंधरा रॅगांच्या या संचास, त्याच्या वेष्टनाच्या रंगावरून, वादक 'तांबडे पुस्तक' म्हणत. त्यातील पाने संगीताचे प्राध्यापक गंथर शुलर यांच्या हाती आली, त्यांनी बोस्टनच्या विद्यार्थ्यांकडून ती वाजवून घेतली, आणि 1973 च्या त्या ध्वनिमुद्रिकेस ग्रॅमी पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी 'द स्टिंग' हा चित्रपट आला आणि जॉप्लिन पुन्हा रस्त्यारस्त्यावर वाजू लागला. 1976 साली त्यास मरणोत्तर पुलित्झर सन्मान देण्यात आला.

पुढे 1985 च्या सुमारास रिक बेंजामिन नावाच्या विद्यार्थ्यास आर्थर प्रायर या जुन्या बँडमास्तराचे हजारो संचांचे ग्रंथालय टाकून दिल्याच्या अवस्थेत सापडले. ते वाजविण्यासाठी त्याने 'पॅरागॉन रॅगटाइम ऑर्केस्ट्रा' उभा केला. आधी कागद सापडले, मग वादक जमले, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. उलट उदाहरणही त्याच जॉप्लिनचे. त्याच्या 'ट्रीमोनिशा' या संगीत नाटकाची पियानोप्रत 1911 मध्ये छापली गेली म्हणून राहिली. वाद्यवृंदाचे हस्तलिखित मात्र नष्ट झाले. 1972 मध्ये ॲटलांटा येथे ते नाटक रंगभूमीवर आले तेव्हा वाद्यवृंदाची बाजू दुसऱ्यास नव्याने रचावी लागली. नाटक जॉप्लिनचे, पण त्याच्या कानात वाजत असलेला वाद्यांचा रंग कोणता होता हे आता कोणासही कळावयाचे नाही.

या साऱ्याचा आपल्याशी संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध फार जवळचा आहे, आणि तो गोमंतकातून येतो.

पोर्तुगीज अमलात गोव्यातील प्रत्येक चर्चला जोडून शाळा असे. तेथील मेस्त मुलांना प्रार्थनेबरोबर स्वरलेखन वाचावयास शिकवीत, व्हायोलिन हाती देत, आणि रविवारच्या उपासनेत त्यांस उभे करीत. या शाळांनी कोणास किती धार्मिक केले ते आम्ही सांगू शकत नाही. पण कागदावरील पाच रेघा पाहताच न अडखळता वाजविणारा वर्ग त्यांनी निर्माण केला. हिंदुस्थानात इतरत्र, उत्तमोत्तम गवई असतानाही, असा वर्ग फारसा नव्हता. घरी पोट भरत नसे, म्हणून ही मुले मुंबईस येत, धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडांत उतरत, आणि तेथून संस्थानिकांच्या बँडांत, पलटणींत, कलकत्त्याच्या आणि रंगूनच्या थिएटरांत, आगबोटींवर पांगत. परमुलखात नोकरीस गेलेल्या माणसाची कथा आपणांस नवी नाही. फरक इतकाच की आपण फायली हाताळतो, ते बासरीपासून ड्रमपर्यंत पाने हाताळीत.

त्यांच्या घरी, साष्टीच्या वाड्यांतून, स्वतःचा नाचही होता. मांडो हा त्याचा मानबिंदू. पुरुष आणि स्त्रिया समोरासमोर रांगांनी उभ्या राहत, स्त्रियांच्या हाती पंखा, साथीला व्हायोलिन आणि घुमट, आणि संथ सहा मात्रांचा डोलता ताल. लिगोरियो कोश्ता (1851–1919), आर्नाल्दो दे मिनेझिस (1863–1917), तोर्क्वातो दे फिगरेदो (1876–1948) हे त्याचे नामांकित रचनाकार. या सनावळ्या आम्ही मुद्दाम दिल्या. जॉप्लिन आणि आर्नाल्दो दे मिनेझिस एकाच वर्षी वारले. म्हणजे मिझूरीत रॅगटाइम छापला जात होता त्याच वर्षांत साष्टीच्या दिवाणखान्यांत मांडो रचला जात होता, आणि दोन्ही एकाच युरोपीय नाचघराची दूरदेशी जन्मलेली लेकरे होत.

मांडोही मावळला, पण मेला नाही. 1930 नंतरच्या दशकापासून मिकायल मार्टिन्स यांनी गावोगाव हिंडून ही गीते स्वरलिपीत उतरविली. जुझे परेरा यांच्या सहकार्याने त्यांनी देखणी गीतांचा संग्रह 1967 मध्ये मुंबईत प्रसिद्ध केला; पुढे दोघांनी मांडोचेही संग्रह काढले. गोवा मुक्त झाल्यावर मांडो महोत्सव सुरू झाला आणि त्यातून नवी मंडळे गाऊ लागली. येथे पुन्हा शब्दांनी हात दिला. विरहाची ओळ आजीच्या तोंडी असली की चाल तिला धरून राहते. तंजावरासही असेच झाले. दुसऱ्या सरफोजी राजांनी (कारकीर्द 1798–1832) तेथे पाश्चात्य वाद्यांचा बँड ठेवला होता. पाश्चात्य बाजास मराठी राजाने आश्रय दिला तो महाराष्ट्रात नव्हे, कावेरीच्या काठी, हे परप्रांतस्थ मराठी मनास सुखावणारे आहे. दक्षिणेत त्या सुमारास ऐकू येणाऱ्या विलायती बँडच्या चालींपैकी काहींवर मुत्तुस्वामी दीक्षितरांनी संस्कृत स्तोत्रे बसविली. 'नोट्टुस्वर' या नावाने ती आजही दक्षिणेत लहान मुलांस शिकवितात. गोऱ्या शिपायांचे वाजप देवीच्या नावाने तरले!

मुंबईच्या नाचाच्या ताफ्यांच्या वाट्यास असे शब्द आले नाहीत.

1935 साली ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा ताफा आला. त्याच्यामागोमाग क्रिकेट स्मिथ हा कॉर्नेटवादक आला. या गृहस्थाचे चरित्र पाहिले म्हणजे थक्क व्हावयास होते. 1913 साली न्यूयॉर्कमध्ये जेम्स रीस युरोप याच्या प्रसिद्ध ताफ्याने ज्या नाचाच्या तबकड्या मुद्रित केल्या, त्यांत हा वाजविण्यास होता. तोच 1936 मध्ये मुंबईत, अपोलो बंदरासमोर, ताजच्या नाचघरात वाजवीत होता आणि मुंबईतही त्याच्या तबकड्या निघाल्या. टेडी वेदरफर्ड हा पियानोवादकही याच मंडळीतला. तो 1945 साली कलकत्त्यास पटकीने वारला. रॅगटाइमच्या काळाचा इतका सरळ वारसा मुंबईस पोचला होता, आणि त्याचे वारस होते गोव्याचे तरुण. पाने वाचता येत होतीच. आता पानावर न लिहिलेला झोक ते शेजारी बसून शिकले. कराचीहून आलेले मिकी कुरैय्या यांचा ताफा 1939 पासून 1960 पर्यंत ताजमध्ये होता. आल्दोनेचे आंतोनियो शावियेर वाझ ट्रंपेट फुंकू लागले की लोक लुई आर्मस्ट्राँगची आठवण काढीत. त्यांनी 'चिक चॉकलेट' हे नाव घेतले होते.

याच चिक चॉकलेट यांचा हात धरून आमचे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी 1951 च्या 'अलबेला'त जी धमाल उडविली ती कोणा मराठी वाचकास ठाऊक नाही? नायक भगवान आबाजी पालव. तेही मराठीच, आणि गिरणगावात वाढलेले. गोव्याचा ट्रंपेट, अमेरिकेचा झोक आणि लालबाग-परळच्या मिरवणुकीतली पावले यांचा असा संगम दुसऱ्या कोणत्या शहरात झाला नसता. गणपतीच्या मिरवणुकीत अजूनही बँडवाले 'अलबेला'च्या चाली काढतात. त्यामागे न्यूयॉर्कचे एक नाचघर उभे आहे हे त्यांस माहीत नसते. असण्याची गरजही नाही.

1949 चा मुंबईचा दारूबंदी कायदा झाला आणि नाचघरांचा धंदा बसला. पेले नाहीत तेथे नाच कोठला? वादक सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळले. बहुतेक संगीतदिग्दर्शकांस पाच रेघांची लिपी वाचता येत नसे. ते चाल गुणगुणत, आणि गोव्याचा 'अरेंजर' ती उतरवून घेऊन, व्हायोलिनांना काय, ट्रॉम्बोनला काय, असे प्रत्येकाचे पान तयार करी. शंकर-जयकिशन यांच्याकडे सबास्तियन डिसोझा, इतर अनेकांकडे फ्रँक फर्नांड आणि अँथनी गोन्साल्विस, अशी ही नामावळी आहे. पडद्यावर त्यांची नावे क्वचितच येत. सहायक, एवढाच हुद्दा. आपल्या कचेरीत टिपणी कोण लिहितो आणि सही कोणाची असते, याचा अनुभव असलेल्या वाचकांस अधिक स्पष्टीकरण नको.

माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचा येथे स्वतंत्र उल्लेख केला पाहिजे. 1958 साली त्यांनी स्वतःच्या खर्चाने शंभरावर वादकांचा 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा करून झेवियर कॉलेजच्या प्रांगणात हिंदुस्थानी रागांवरील रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे हे त्यात गायले. काही वर्षांनी ते अमेरिकेस गेले आणि परतल्यावर सिनेमाच्या धंद्यात पुन्हा फारसे रमले नाहीत. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'त त्यांचे नाव साऱ्या देशाच्या तोंडी झाले, कारण संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूस दिलेली ती मानवंदना होती. परंतु गाणे गुणगुणणाऱ्या लाखोंना असा कोणी मनुष्य खरोखर आहे याची दादही नव्हती. 2012 मध्ये ते वारले. त्याच वर्षी नरेश फर्नांडिस यांचे 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' हे पुस्तक आले आणि त्या ताफ्यांच्या जुन्या तबकड्या व छायाचित्रे पुन्हा उजेडात आली. 'नाचों-या कुंपासार' या कोंकणी चित्रपटाने त्यानंतरच्या पिढीच्या नाचगाण्यांनाही नवा श्रोता मिळवून दिला.

पण कागद? अरेंजरांनी रात्ररात्र जागून लिहिलेली ती पाने ध्वनिमुद्रण आटोपले की निरुपयोगी ठरत. चाल तबकडीवर उतरली. आता पानाची गरज कोणास? स्टुडिओंना जागा हवी असे. बहुसंख्य पाने अशी गेली. नाचघरांच्या ताफ्यांचे संच वादकांच्या पेट्यांत राहिले, आणि पेट्या वारसांच्या माळ्यांवर. आज कोणास ते वाजवावयाचे असेल तर जुनी तबकडी पुन्हा पुन्हा लावून, खरखरीतून एकेक वाद्य वेगळे काढून, नव्याने लिहावे लागेल. तसे करणारे उत्साही लोक आहेत. पण खरखरीत मधली वाद्ये बुडालेली असतात. वरचा सूर आणि खालचा ठेका हाती लागतो. दुसऱ्या क्लॅरिनेटने काय वाजविले हे अंदाजावर राहते.

हाच विचार करीत असताना आमचे लक्ष वारंवार खैरागडकडे जाते. रायपूरहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे हे जुने संस्थान. तेथील राजघराण्याने आपल्या इंदिरा नावाच्या कन्येच्या स्मरणार्थ राजवाडा दिला आणि 1956 मध्ये संगीताचे विद्यापीठ उभे राहिले. त्याचे कुलगुरुपद भातखंड्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी भूषविले. पंडित विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) हे पेशाने वकील. घराण्यांच्या पोटात दडलेल्या चिजा त्यांनी उस्तादांची मनधरणी करून मिळविल्या आणि 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत स्वरलिपीसह छापल्या. कागदावर आल्याने गाणे मरते, असा त्या वेळी त्यांच्यावर आक्षेप होता. आक्षेप अगदीच खोटा नव्हता. पण त्यांतील कित्येक चिजा आज जिवंत आहेत त्या त्याच कागदांवर. नाचाच्या बाजाला मात्र भातखंडे मिळाले नाहीत, कारण ते कोणास जपण्याजोगे वाटलेच नाही. रागदारीवाल्यांस ते उष्टे विलायती वाटे. विलायती संगीताच्या अभिमान्यांस ते बेथोव्हेनपुढे हलके वाटे.

कागदाशिवायही एक वाद्यवृंद जगला, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. रायपूरहून सारनाथ एक्सप्रेसने बिलासपूर, कटनी करीत उत्तरेस गेले की मैहर लागते. बहुतेक प्रवासी तेथे शारदादेवीसाठी उतरतात. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत पोरक्या झालेल्या मुलांना जमवून उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी येथील महाराजांच्या आश्रयाने 'मैहर बँड' उभा केला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांचे 'नलतरंग' केले. सितार, व्हायोलिन, हार्मोनियम यांबरोबर ते वाजू लागले. खाँसाहेब तरुणपणी कलकत्त्याच्या थिएटरांत वाजवीत, आणि तेथे पाश्चात्य व्हायोलिन ते लोबो नावाच्या गोव्याच्या बँडमास्तराकडे शिकले होते. म्हणजे हाही धागा अखेर साष्टी-बारदेशाकडेच जातो! हा वृंद तोंडी परंपरेने चालत आला. पण त्यामागे आधी संस्थानाचा पगार होता, नंतर मध्यप्रदेश सरकारचा. वादकाची जागा रिकामी झाली की ती भरावी लागते, आणि भरलेल्या माणसास जुन्या चाली शिकाव्या लागतात. सरकारी आस्थापनेस आपण कितीही नावे ठेवली तरी तिचा असाही एक उपयोग आहे. बीरगावच्या क्लॅरिनेटवाल्या चाचांची जागा मात्र कोणत्याही आस्थापनेवर नाही.

आता एक गोष्ट सांगावयाची राहिली आहे, आणि ती सांगणे आम्हांस जड जाते. नोकरीच्या आरंभी आम्ही दुसऱ्या एका प्रांतात होतो. कचेरीच्या आवारात साहेबांच्या वेळचा एक क्लब होता. त्याची जागा कचेरीकडे आली तेव्हा तेथील जुन्या सामानाच्या निर्लेखनाची यादी करण्याचे काम आमच्यावर पडले. मोडक्या खुर्च्या, फाटके बिलियर्डचे कापड, आणि एक पत्र्याची पेटी. पेटीत छापील पाने होती, वाद्यावाद्यांप्रमाणे दोऱ्याने बांधलेली. आम्हांस ती लिपी त्या वेळी वाचता येत नव्हती. एका पानावर पेन्सिलीने, नाच चालू असल्यास पुन्हा, अशा अर्थाचा इंग्रजी शेरा होता. तो वाचून आम्ही हसलो होतो हे स्पष्ट आठवते. यादीत आम्ही लिहिले: "जुने छापील कागद, किरकोळ, पेटी 1." वरिष्ठांची सही झाली. रद्दीवाल्याने पेटीचे वेगळे आणि कागदाचे वेगळे पैसे दिले. पेटीचे अधिक मिळाले.

ती पाने विशेष मौल्यवान होती असे सिद्ध करता येणार नाही. कदाचित त्यांच्या प्रती परदेशातील एखाद्या ग्रंथालयात सुरक्षित असतील. पण तो पेन्सिलीचा शेरा एकाच प्रतीवर होता.

गेल्या आषाढात, लग्ने संपल्यावर, आम्ही बीरगावच्या त्या चाचांचे घर शोधून काढले. कचेरीतील एक सहकारी हार्मोनियम बरी वाजवितात व त्यांस भातखंडे पद्धतीची स्वरलिपी येते. त्यांस बरोबर नेले. चाचांना प्रथम वाटले की आम्ही कसल्याशा सरकारी योजनेचा अर्ज भरावयास आलो आहोत, आणि त्यांनी रेशनकार्ड पुढे केले. खुलासा झाल्यावर ते पोट धरून हसले. मग क्लॅरिनेट काढले. तीन रविवारी मिळून तीन चाली लिहून झाल्या. अडचणी पुष्कळ आल्या. आमची लिपी एका सुराच्या ओळीसाठी आहे. सोबत दुसरे वाद्य काय वाजवी, ते लिहावयास तीत जागा नाही. तीन मात्रांचा नाच आम्ही दादऱ्याच्या सहा मात्रांत बसविला, पण चौथ्या मात्रेवरील खाली चाचांस पटेना. "यहाँ खाली नहीं, यहाँ तो मेम का पैर पड़ता है," असे त्यांचे म्हणणे. तेव्हा आम्ही खालीचे शून्य खोडून तेथे एक फुली मारली आहे.

पहिल्या दोन चाली पूर्ण आहेत. तिसरीचा दुसरा भाग त्यांस आठवत नाही. उस्ताद तो भाग स्वतःच वाजवीत, म्हणून आपल्या कानावर कमी पडला, असे ते सांगतात. वहीत आम्ही त्यासाठी दीड पान कोरे सोडले आहे.